ट्रॉफ्या राहू द्या, आधी गुडघा दाखवा

पत्र भुसावळहून आलंय. वडील रेल्वेत, मुलगी ११ वर्षांची, सहावीत, सातव्या वर्षापासून साल्सा हा नाच शिकतेय. त्यांचा प्लॅन असा की पुढच्या वर्षी शाळा सोडवून तिला मुंबईला न्यायचं, रिअ‍ॅलिटी शोची तयारी करायची, दहावी पुढे एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून काढायची, तर मुंबईत चांगला क्लास कुठला?

भाऊ, क्लासचं नाव मी आत्ता सांगणार नाही. दोन पानांच्या पत्रात दीड पान ट्रॉफ्या आहेत आणि मधेच एक ओळ, 'गुडघा दुखतो म्हणत होती, क्रेप बँडेज बांधून उतरवली, पहिली आली.' मी त्या ओळीच्या पुढे जाऊच शकलो नाही. या वयात हाडं वाढत असतात, गुडघ्याच्या वाटीच्या खाली जिथे मांडीचा स्नायू नडगीला ओढ देतो तिथे सारख्या उड्या मारून दुखणं लागतं, खेळणाऱ्या बऱ्याच पोरांना होतं, आराम दिला की बहुतेक वेळा बरंही होतं, पण तेच आहे की दुसरं काही, हे ना तुम्ही ठरवायचं ना क्लासच्या सरांनी. हाडांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा. तोवर नाचात उचलून घेण्याच्या लिफ्ट बंद, गिरक्या बंद, आणि ते हिलचे शूज तर काढूनच टाका, ११ वर्षांच्या पायांना ते द्यायलाच नको होते.

दुसरं म्हणजे पार्टनर. दोन वर्षांत तीन पोरं बदललीत, 'कच्चा आहे' म्हणून. अहो, साल्सा जोडीचा नाच आहे, एकानं हातानं सुचवायचं, दुसऱ्यानं ते ओळखून पाय टाकायचा, आणि समोरचा चुकला तरी त्याला सांभाळून ताल धरता येणं हीच यातली खरी तयारी. उद्या ती शिकवायला लागली तर समोर सगळे कच्चेच येणार, लग्न ठरलेली जोडपी, चाळिशीतले नोकरदार, ज्यांना आठच्या मोजणीत चार आणि आठवर थांबायचं हेसुद्धा दहादा सांगावं लागतं. तुमची लेक आत्ता काय शिकतेय, तर जो चुकला त्याला काढून टाकायचं. उद्या तीच चुकली तर? रविवारी प्रॅक्टिसचं नाव काढलं की रडते म्हणता आणि पुढे 'लाड करत नाही' असं अभिमानानं लिहिता, ते वाचून मला वाईट वाटलं.

आणि ऑलिम्पिकचं डोक्यातून काढा. ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्स आलं तसा साल्सा येईल म्हणता, पण ब्रेकिंग २०२४ ला पॅरिसमध्ये होतं, २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये ते नाहीये. साल्सा तर बॉलरूम, म्हणजे जोडीच्या ठरलेल्या नाचांच्या स्पर्धांतल्या लॅटिन गटातही नाही, तिथे सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाइव्ह. साल्साच्या स्पर्धा होतात, पण ज्याचा त्याचा आयोजक वेगळा, त्यामुळे ट्रॉफीवर 'नॅशनल' लिहिलं असेल तर किती जोड्या उतरल्या होत्या ते आधी विचारा. हा नाच क्युबाच्या सोन आणि मांबो या नाच-गाण्यांतून आला, १९६०-७० च्या दशकांत न्यूयॉर्कच्या पोर्तोरिकन आणि क्युबन लोकांत साल्सा या नावानं वाढला, आणि लोक नाचले ते एकमेकांबरोबर मजेत वेळ घालवायला. कोलंबियातल्या काली शहरात चिमुरडी पोरं साल्साच्या शाळेत जातात, पायांचा वेग बघत राहावा असा, पण तिथे ही गाणी घरात, गल्लीत, डिसेंबरच्या फेरियात, म्हणजे जत्रेत, सगळीकडे वाजत असतात, आपल्या सातपुड्यात होळीच्या ढोलावर पावरा आदिवासी पोरं मोठ्यांचं बघून नाचू लागतात ना, तसं. तुमच्या घरी प्रॅक्टिस सोडून साल्साचं गाणं कधी लागतं का?

शाळा सोडवू नका. एनआयओएसच्या दहावीलाही १४ वर्षं पूर्ण लागतात, तोवर पोरगी भाड्याच्या खोलीत बसून ऑडिशनची वाट बघणार का? गुडघा बरा झाला आणि तिला हवं असेल तर तिथेच कथक लावा, तत्कार, म्हणजे पायांचं काम, आणि लयीची मोजणी साल्सालाही कामाला येते, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा आहेत, दहावीला शास्त्रीय नृत्याचे वाढीव गुण मिळतात, साल्साला नाही मिळत. पंधरा-सोळाव्या वर्षीही आवड टिकली तर सुट्टीत पुण्या-मुंबईची वर्कशॉप, पहिल्या मोजणीवर मुख्य पाऊल टाकायचं ते ऑन वन, दुसऱ्यावर टाकायचं ते ऑन टू, दोन्ही, आणि लीड-फॉलो म्हणजे सुचवणं-ओळखणंही दोन्ही, बारावीनंतर कॉलेज करता करता एखाद्या ग्रुपमध्ये शो आणि कुणाच्या तरी हाताखाली बिगिनर बॅच घ्यायची. यात बहुतेकांचं घर शिकवण्यावर चालतं, शोवर नाही, आणि आपल्याकडे तर लग्नातलं संगीत आणि शाळांचं गॅदरिंग हेच मोठं काम. सतराव्या वर्षी सुरू करूनही लोक उत्तम शिक्षक होतात, त्यामुळे ही घाई कशासाठी चाललीय?

डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. सोबत तिच्या हातचं एक पत्र पाठवा, तुम्ही न सांगितलेलं आणि न वाचलेलं. नाचायचंय असं तिनं लिहिलं तर शिक्षक मी स्वतः शोधून देईन, नाही लिहिलं तर हे वर्षभर तिला क्लासला पाठवू नका.