पाच महिन्यांचं लेकरू आणि वाळलेली परसबाग

परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून एका लेकुरवाळीचं पत्र आलं आहे. ती लिहिते:

“लग्न होऊन आले तेव्हा घरामागं नुसती पडीक जागा होती. दोन वर्षांत मी तिथं मेथी, वांगी, वाल, दोडका सगळं केलं. बाळंतपणाला माहेरी गेले, परत आले तर वाल मावा पडून गेलेला आणि वांगी वाळलेली. आता बाळ पाच महिन्यांचं आहे. खुरपं हातात घेतलं की ते उठतं. सासूबाई म्हणतात, भाजी बाजारात मिळते, लेकरू मिळत नाही. दीर म्हणतात, कपाशीचं औषध उरलंय, ते मारू. मध्ये बाळाला ताप आला तेव्हा मी रडले नाही, पण वाळलेली वांगी उपटताना खूप रडले. मी आई म्हणून कमी पडते का?”

लेकी, तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, कमी पडत नाहीस. बाळाला ताप होता तेव्हा तुला रडायला सवड कुठं होती? पट्ट्या ठेवायच्या, पाजायचं, रात्रभर अंगाला हात लावून बघायचं. ते सगळं पोटात साचलं आणि हात मोकळे झाले तेव्हा वांग्यांपाशी बाहेर आलं. त्यातून वांग्यांवर तुझा जीव जास्त आहे असा अर्थ काढू नकोस. मात्र अजूनही रोज रडू येत असेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते अंगावर काढू नकोस. आशाताईला सांग, नाहीतर मनाच्या त्रासासाठी असलेल्या 14416 या सरकारी नंबरावर फोन कर. तिथं पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आता बाग. सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही, पण त्यावरून परस ओसाड टाकायची गरज नाही. त्या घरातली ती एकच जागा तू स्वतः उभी केलीस. ती गेली तर तुझ्यातलं काहीतरी जाईल, हे पत्रातून मला स्वच्छ दिसतं. फक्त दोन वर्षांपूर्वीची बाग यंदा मागू नकोस. तेव्हा तुझ्या हातात सलग दोन तास होते, आता पंधरा मिनिटं आहेत आणि तीही मधेच तुटतात. म्हणून जे काम अर्धं टाकून उठलं तरी बिघडत नाही, तेवढंच धर.

आपल्याकडं उन्हाळ्यात खरी ओढ पाण्याची. त्यासाठी कुंभाराकडून दोन साधी मडकी आण, चकाकी नसलेली. घरातला जुना माठ नको, बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात. मडकं गळ्यापर्यंत मातीत पुर, पाण्यानं भर, तोंडावर झाकण ठेव म्हणजे डास होणार नाहीत. पाणी हळूहळू झिरपतं आणि मुळं आपणहून तिकडं वळतात. भोवती दोडक्याचे आणि लाल भोपळ्याचे तीन-चार वेल पुरेत. वेल मोठे झाले की तीन-चार दिवसांनी मडकं भरायचं, आणि ते बाळाला कडेवर घेऊनही भरता येतं. बुडाशी पाचट अंथर, पश्चिमेच्या बाजूनं पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, आडोसा कर. हे दुसरं काम मात्र नवऱ्याला सांग. पऱ्हाट्या आणायच्या, रोवायच्या आणि सकाळी दोन बादल्या ओतायच्या, हे त्याचं. मदत म्हणून मागू नकोस, वाटणी म्हणून सांग.

बाळाच्या न्हाणीचं पाणी वाया जातं का तुमच्याकडं? डाळीच्या पिठानं न्हाऊ घालत असाल तर ते पाणी थेट कढीपत्त्याला आणि शेवग्याला जाऊ दे. साबण-पावडरचं पाणी मात्र पालेभाजीवर नको.

मेथी-पालक उन्हाळ्यात करू नकोस, लवकर फुलावर येतात आणि तुझी मेहनत जाते. वाफा एकच, तांदुळज्याचा. ऊन सोसतो आणि महिन्याभरात खुडायला येतो. तोवर बाळ सहा महिन्यांचं होईल, उष्टावण होईल. मग मुगाच्या वरणात तांदुळज्याची, कधी शेवग्याची कोवळी पानं शिजवून, घोटून, मऊ करून दे. सासूबाईंना हेच सांग, की ही बाग लेकराच्याच वाटीसाठी आहे. त्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा त्यांची बाज सकाळच्या वेळी कडुलिंबाखाली टाक आणि बाळ त्यांच्या मांडीवर दे. तू दहा पावलांवर खुरपतेयस हे त्यांना दिसलं की त्यांचाही जीव शांत होईल. आपल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या बाभळीला झोळी बांधून रानात खुरपत आल्या. त्यांच्यापुढं दुसरा मार्ग नव्हता, तुझ्या घरात मांडी आहे, ती वापर. झोळी बांधलीसच तर बाळाचं तोंड उघडं राहील असं बघ आणि नजरेआड होऊ देऊ नकोस.

दिरांना मात्र ठाम नाही म्हण. ते औषध कपाशीसाठी असतं, घरच्या खायच्या वेलावर त्याचं काम नाही, आणि घरात अंगावर पिणारं लेकरू आहे. औषधाचा रिकामा डबा धुऊन पाण्याला वापरतात, तेही बंद कर. मावा सुरुवातीला असतो तेव्हा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन जातो. नाही गेला तर लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर भिजत घाल, सकाळी गाळून संध्याकाळी फवार. फवारताना बाळ आत ठेव आणि पाजण्याआधी हात साबणानं धू.

वांगी आणि वाल मृगावर लाव. बाळ तेव्हा आठ महिन्यांचं असेल, बसेल, सरपटेल आणि हाताला येईल ते तोंडात घालेल. बियाण्याच्या पुड्या उंच फळीवर ठेव. भरलेली बादली किंवा पाण्याचं उघडं पिंप परसात राहू देऊ नकोस, लेकरू बादलीभर पाण्यातही बुडतं. आणि त्या दिवसांत त्याच्या हाताला थोडी माती लागली तर लगेच घाबरू नकोस, हात धुऊन टाक. सासूबाई ओरडतील, ओरडू दे.

शेवग्याला यंदा शेंगा लागल्या का, ते लिहिलंच नाहीस. कळव.