ओटीतला नारळ आणि चारशे डॉलर

तुमचे आईबाबा पहिल्यांदा ऑकलंडला निघालेत आणि ‘भाजणी-मेतकूट दाखवलं तर अडकवतील का’ हा तुमचा प्रश्न वाचून मला माझाच डिसेंबर २०२४ आठवला. व्हिसा, तिकिटं वगैरे तुम्हाला माहीत असेलच, ते सोडते.

न्यूझीलंडचं प्रवासी डिक्लरेशन, म्हणजे सोबत खाणं वगैरे काय आणलंय ते जाहीर करायचा फॉर्म, ऑनलाइन भरता येतं, फुकट. मी आळस केला आणि पुण्यातल्या एका ट्रॅव्हलवाल्यांकडून पैसे देऊन भरून घेतलं. खाण्याचं विचारलं तर म्हणाले, “घरचा खाऊ ना? तो नाही धरत हो.” आणि ‘नाही’वर टिक. निघताना सासूबाईंनी ओटी भरली. नारळ, हळकुंड, सुपारी, रुमालात बांधलेले तांदूळ, सगळं केबिन बॅगेत कोंबलं आणि विसरले.

ऑकलंड विमानतळावर एक्स-रेत नारळ गोल गरगरीत दिसला. तिथल्या अधिकारी बाईंनी शांतपणे विचारलं, बॅग तुमचीच? तुम्हीच भरली? मग रुमाल सोडला. तांदळाला कुंकू लागलेलं. ही लाल पूड कसली, म्हणाल्या. ओटीला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला आजही सुचलेलं नाही. चारशे न्यूझीलंड डॉलर दंड, जागच्या जागी. म्हणजे आपले वीस हजारांच्या घरात! ट्रॅव्हलवाल्यांना फोन केला तर, “मॅडम, फॉर्मवर नाव तुमचं आहे.” खरंच आहे म्हणा, पण मग पैसे कशाचे घेतले?

माझं मत विचाराल तर डोळे मिटून ‘हो’ टिक करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, त्यासाठी दंड नाही. पुढच्या खेपेला मी भाजणी, गोडा मसाला, लाडू सगळं दाखवलं, दहा मिनिटांत बाहेर. मध आणि ताजा कढीपत्ता मात्र नेऊच नका. खाऊ एकाच पिशवीत वर ठेवा, पुड्यांवर इंग्रजीत साधं लिहा, ‘भाजलेलं पीठ’ असं. विमानात मिळालेलं सफरचंद आईंच्या पर्समध्ये राहतंच, तेवढं उतरण्याआधी बघा. बाबा सिंहगडाचे बूट नेणार असतील तर तळवे घासून घ्या, मातीचंही विचारतात.

अर्थात मी काही जाणकार नाही, नियम बदलतात, निघण्याआधी तिथल्या सरकारी साइटवर एकदा बघाच.

सासूबाई आता ओटी आदल्या दिवशी भरतात आणि त्याच नारळाच्या वड्या रात्री आम्हालाच खायला घालतात.