खेळण्यांच्या संकेतस्थळावर कार्ट भरतं, पण ऑर्डर होत नाही

तुमचा प्रश्न असा आहे: सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचं दुकान, नवं संकेतस्थळ. लोक येतात, भातुकली कार्टमध्ये टाकतात आणि पैसे भरायच्या पानावरून निघून जातात. जे घेतात त्यांतले काही 'फारच लहान निघालं' म्हणून परत पाठवतात. पानाचे रंग बदलू की सूट वाढवू, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दोन्ही नको.

खेळणं घेणारा एक आणि खेळणारा दुसरा, इथून सुरुवात करा. घेणारी पुष्कळदा आत्या किंवा मामा असतात. मुलाकडे सध्या काय आहे हे त्यांना ठाऊक नसतं. चितार आळीत, म्हणजे सावंतवाडीच्या खेळण्यांच्या बाजारात आलेलं गिऱ्हाईक तीनच गोष्टी विचारतं: केवढ्या मुलाला चालेल, केवढं आहे, आणि (गावी पाठवायचं असेल तर) वाढदिवसाच्या आत पोचेल का. ही तिन्ही उत्तरं 'कार्टमध्ये टाका' या बटणाच्या वर दिसली पाहिजेत. खाली वर्णनात लिहिलेलं फोनवर कोणी वाचत नाही.

परत येणाऱ्या मालाचं कारण जवळपास नक्कीच मापात आहे. 'भातुकली, २१ नग' यातून चूल बोटाएवढी की मुठीएवढी हे कळत नाही, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या फोटोत सगळंच मोठं वाटतं. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान नगाचं माप सेंटिमीटरमध्ये द्या. दुसराच फोटो मुलाच्या हातातला ठेवा, नाहीतर १० रुपयांच्या नाण्याशेजारचा. नाण्याचा व्यास २७ मिमी असतो आणि ते सगळ्यांच्या ओळखीचं असतं. एक चूक हमखास होते: कुरिअरसाठी भरलेलं खोक्याचं माप पानावर खेळण्याचं माप म्हणून छापलं जातं. दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवा.

वयाचा फिल्टर बिघडतो तो '२ ते १० वर्षं' अशा ऐसपैस नोंदींमुळे. प्रत्येक वस्तूला एकच किमान वय द्या, तीन वर्षांखालचं वय महिन्यांत लिहा आणि फिल्टर त्या एकाच आकड्यावर चालवा. वयाचं कारणही सांगा, कारण 'आमचा हुशार आहे, त्याला चालेल' असा विचार पुष्कळ जण करतात. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकेल असा भाग तपासायला ३१.७ मिमी व्यासाचं नळकांडं वापरतात. त्याचा तळ तिरका असतो, खोली २५.४ ते ५७.१ मिमी. न दाबता, कोणत्याही एका बाजूने ठेवल्यावर जो भाग त्यात पूर्ण मावतो तो धोक्याचा. भातुकलीतले पेले, झाकणं सहज मावतील. 'लहान भाग आहेत, ३ वर्षांखालील मुलांना देऊ नये' ही ओळ किमतीच्या शेजारी हवी.

आयएसआय चिन्हाबद्दल: १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना सूट आहे. तुमच्या मालाला जे लागू असेल तेवढंच लिहा. परवाना नसताना चिन्हाचं चित्र टाकू नका.

आता पैसे भरण्याचं पान. शेवटच्या पायरीवर अचानक पाठवणावळ दिसली की माणूस थांबतो. तुमच्याकडे ती जास्त का येते, तर बहुतेक कुरिअर लांबी × रुंदी × उंची ५००० ने भागून येणारं वजन धरतात. ४० × ३० × २० सेंमीच्या खोक्याचं वजन ४.८ किलो धरलं जातं, आत सव्वा किलोचा संच असला तरी. भातुकली घट्ट रचून लहान खोक्यात बसवा आणि पाठवणावळ किमतीतच धरा, किंवा वस्तूच्या पानावर पिनकोड टाकताच रक्कम आणि पोचण्याची तारीख दाखवा. '५ ते ७ दिवस' नको, 'गुरुवार, १२ तारखेपर्यंत' असं हवं. शुल्क मागाहून उघड करणं, न मागता कार्टमध्ये वस्तू घालणं, 'फक्त २ शिल्लक' असं खोटं दाखवणं हे ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे. संकेतस्थळाच्या तयार साच्यात (थीममध्ये) 'वेळ संपत आली' असं दाखवणारं उलटं घड्याळ कधीकधी आधीच चालू असतं, ते शोधून बंद करा.

यूपीआयमध्ये 'पैसे कापले पण ऑर्डर नाही' ही तक्रार येत असेल तर कारण बहुधा एकच. गिऱ्हाईक पैसे भरून यूपीआय ॲपमध्येच थांबतं, ब्राउझरकडे परत येत नाही आणि तुमचं संकेतस्थळ त्याच्या परतीची वाट बघत बसतं. ऑर्डर पक्की करायची ती पेमेंट गेटवेच्या (तुमच्या वतीने पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या) सर्व्हरकडून थेट येणाऱ्या सूचनेवर, म्हणजे वेबहूकवर. हे काम सगळ्यांत आधी करून घ्या, कारण इथे एकदा विश्वास गेला की ते गिऱ्हाईक परत येत नाही. खातं उघडायची सक्तीही काढा.

भेट पाठवणाऱ्यांसाठी दोन फोन नंबर लागतात: ओटीपी पैसे भरणाऱ्याला, कुरिअरचा फोन मुलाच्या घरी. पैसे भरणाऱ्याच्या रकान्यात फक्त दहा आकडी भारतीय नंबर चालत असेल तर दुबई-लंडनची आत्या तिथेच अडकते. खोक्यात किमतीचा कागद जाऊ नये म्हणून बिल ईमेलने पाठवा. मराठी संदेशाची चिठ्ठी मात्र छापून बघा: पीडीएफ बनवणाऱ्या अनेक साधनांना देवनागरीची जुळणी येत नाही, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरं सुटी होतात. नुसता फाँट बदलून हे सुटत नाही. चिठ्ठीचं एचटीएमएल (वेब) पान करून ते क्रोममधून छापा.

शोधात 'भातुकली', 'bhatukali' आणि 'bhatukli' तिन्हींना तेच पान मिळालं पाहिजे. पर्यायी शब्द हातानेच भरा. फोटो प्रत्येकी १५० केबीच्या आत ठेवा.

हे झालं की स्वस्तातल्या फोनवर, वायफाय बंद करून, स्वतः एक ऑर्डर द्या: पत्ता दुसऱ्याचा, पैसे यूपीआयने, संदेश मराठीत, शेवटी एक इमोजी. पैसे भरल्यावर ब्राउझर मुद्दाम बंद करा. ऑर्डर नोंदली गेली का आणि चिठ्ठी कशी छापली, ते इथे कळवा.