तापलेल्या धावेची पोकळी

प्रश्न : बैलगाडीच्या चाकावर चढवण्याआधी लोहार लोखंडी धाव, म्हणजे चाकाच्या कडेवर बसणारे कडे, गोवऱ्यांच्या जाळात लाल करतो. लोखंड सर्व बाजूंनी फुगत असेल, तर धावेची आतली पोकळी लहान व्हायला नको का?

उत्तर : शंका रास्त आहे, पण पोकळी मोठीच होते. धाव कापून सरळ पट्टी केली आहे असे समजा. तापल्यावर ती पट्टी लांब होईल आणि लांब पट्टीचे कडे अर्थातच मोठे होईल. पट्टीची जाडीही वाढते, मात्र ती वाढ नगण्य असते. लोखंड दर अंश सेल्सियसला आपल्या लांबीच्या सुमारे 12 दशलक्षांशाने वाढते. म्हणजे 1200 मिलिमीटर व्यासाची धाव 500 अंशांनी तापवली, तर व्यास साधारण 7 मिलिमीटरने वाढतो. लोहार धाव मुद्दामच चाकापेक्षा किंचित लहान ठेवतो, ती एवढ्या वाढीमुळेच चढते. धाव बसताच लाकूड धुमसू लागते, म्हणून लगेच पाणी ओततात. तेव्हा आकसणारी धाव आरे मधल्या तुंब्यात इतके घट्ट दाबते की सांधे करकरताना ऐकू येतात. बरणीचे अडकलेले पत्र्याचे झाकण गरम पाण्याने सुटते, तेही याच कारणाने, कारण पत्रा काचेपेक्षा अधिक प्रसरण पावतो.