बग सापडला, इंटर्नशिप गेली

प्रश्न :
ताई, मी इचलकरंजीचा. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नववीपासून मला सिस्टीम उघडून बघायचा नाद आहे. कॉलेजात सगळे 'हॅकर' म्हणूनच हाक मारतात. या उन्हाळ्यात एका कंपनीत इंटर्नशिप मिळाली. हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं आणि हिशेब सांभाळणारं अ‍ॅप ते बनवतात. तिसऱ्या आठवड्यात मला दिसलं, की बिलाच्या लिंकमधला आकडा बदलला की दुसऱ्या कुणाचं तरी बिल उघडतं, नाव, फ्लॅट नंबर आणि मोबाइल नंबरासकट. सीनिअरला चॅटवर कळवलं. तो म्हणाला, 'बघतो.' पाच दिवस काहीच झालं नाही, म्हणून मी लिंक्डइनवर स्क्रीनशॉट टाकून लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप काढून घेतला आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. तो बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, मात्र त्याच रात्री दुरुस्त केला! त्यांच्या सिस्टीममधले अजून दोन बग मला माहीत आहेत. तेही टाकून त्यांना धडा शिकवावा असं वाटतं. घरी अजून सांगितलेलं नाही. रोज साडेनऊला रूमवरून निघतो आणि लायब्ररीत जाऊन बसतो. बाबांचे यंत्रमाग आहेत. इंटर्नशिप लागली तेव्हा त्यांनी शेडमध्ये सगळ्यांना पेढे वाटले होते. ताई, माझं नक्की काय चुकलं?

उत्तर :
ते दोन बग कुठेही टाकू नकोस. बाकीचं उत्तर सावकाश वाच, पण एवढं आधी ऐक. ग्रुपवर नाही, मित्राला 'बघ ना' म्हणून नाही, खोट्या नावाच्या अकाउंटवरून तर नाहीच. आणि ते अजून चालू आहेत का हे बघायला पुन्हा त्या सिस्टीममध्ये जाऊ नकोस. इंटर्न होतास तोवर तुला आत असायची परवानगी होती, आता ती नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं आणि माहिती उतरवून घेणं येतं. तेच अप्रामाणिक हेतूने केलं असं ठरलं, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुझा हेतू मला तुझ्या पत्रातून कळतो. पण 'धडा शिकवायचा होता' हे वाक्य तू एकदा जाहीर लिहिलंस, की तो हेतू दुसऱ्या कुणाला समजावून सांगणं फार अवघड होईल.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात तू आहेस, सीनिअर आहे, कंपनी आहे, बाबा आहेत. ज्यांची बिलं उघडी पडली होती ती माणसं मात्र कुठेच नाहीत. कुणी एकटी राहणारी बाई असेल, जिचा फ्लॅट नंबर आणि मोबाइल एकाच पानावर आहे. कुणाची सहा महिन्यांची थकबाकी असेल, जी त्याने शेजाऱ्यांपासून लपवली असेल. तो बग महत्त्वाचा होता तो या लोकांमुळे. कंपनीने पाच दिवस त्यांचा विचार केला नाही. सहाव्या दिवशी तूही केला नाहीस, कारण तू लिहिलंस तेव्हा दार अजून उघडंच होतं, आणि आता ते उघडं आहे हे तुझ्या सगळ्या कॉन्टॅक्ट्सना कळलं. आकडा बदलून बघायला काही हॅकर असावं लागत नाही. स्क्रीनशॉटमधलं नाव झाकलं होतंस का, हे तू लिहिलेलं नाहीस. झाकलं नसशील आणि ती पोस्ट अजून तिथे असेल, तर आजच काढ.

तुझं चुकलं असेल तर ते हे. बग शोधला हे चुकलं नाही. सीनिअरला सांगितलं हेही बरोबरच केलंस. पाच दिवस गप्प बसून त्यांनी तुझी वाट बंद केली, याचा मला खरंच राग आला आहे. एका पोराने येऊन सांगितलं की तुमच्या ग्राहकांची माहिती उघडी आहे, आणि त्याला 'बघतो' एवढंच उत्तर मिळतं, आणि तेच काम जगाला कळल्यावर एका रात्रीत होतं. म्हणजे ते पहिल्या दिवशीही एका रात्रीत होण्यासारखं होतं. ही लाज त्यांची आहे, ती तू स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस.

असं तुझ्याच बाबतीत झालंय असं वाटून घेऊ नकोस. २०१५ मध्ये हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या अरन खन्ना नावाच्या विद्यार्थ्याला फेसबुकमध्ये इंटर्नशिप मिळाली होती. मोबाइलवरून मेसेंजरवर काही पाठवलं की सोबत तुमचं ठिकाणही जायचं, आणि ही सोय आपोआप चालूच असायची. त्याने स्वतःच्या चॅटमधली ती ठिकाणं नकाशावर मांडणारं, क्रोम ब्राउझरला जोडायचं एक छोटं एक्स्टेन्शन बनवलं आणि मे महिन्यात जाहीर केलं. हजारो लोकांनी ते उतरवून घेतलं. फेसबुकने ते बंद करायला सांगितलं, मग इंटर्नशिप रद्द केली. त्याचं लिखाण इंटर्नकडून अपेक्षित असलेल्या नैतिक दर्जात बसत नाही, असं त्याला कळवलं गेलं. आणि जूनच्या सुरुवातीला मेसेंजरमध्ये बदल आला. ओळखीचं वाटतंय ना? पुढे त्याने काय केलं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या कंपनीत इंटर्नशिप केली, आणि त्याच ऑगस्टमध्ये सगळा प्रकार हार्वर्डच्या एका संशोधन नियतकालिकात शांतपणे, तारखांसकट लिहून काढला. लोकांची खाजगी माहिती जपायला कंपन्या कधी हलतात, हा त्या लेखाचा विषय होता. ज्या गोष्टीने त्याची जागा गेली, तीच त्याचं काम म्हणून उभी राहिली, कारण त्याने ती चिडून लिहिली नाही.

त्याच्यात आणि तुझ्यात एक फरक आहे, तो मात्र लक्षात ठेव. त्याने दाखवली ती त्याच्याच चॅटमधून त्याला मिळालेली माहिती होती. तू अनोळखी माणसाचं बिल दाखवलंस. आपल्याकडच्या आनंद प्रकाश यांनी २०१६ मध्ये फेसबुकच्या पासवर्ड बदलायच्या सोयीत असा दोष शोधला, की कुणाचंही खातं ताब्यात घेता आलं असतं. त्यांनी तो स्वतःच्या खात्यावर तपासून दाखवला, कंपनीला कळवला, दुरुस्ती झाली, पंधरा हजार डॉलरचं बक्षीस आलं, आणि मग ते जाहीरपणे बोलले. बाकीच्या जगाला आठवडा-दोन आठवड्यांनी कळलं, त्याने त्यांचं काहीच अडलं नाही. गूगलचा 'प्रोजेक्ट झीरो' हा गट दुसऱ्या कंपन्यांचे बग शोधतो, तो साधारणपणे नव्वद दिवसांची मुदत देतो. हा काही कायदा नाही, रीत आहे. तुझ्या पाच दिवसांशेजारी हा आकडा ठेवून बघ. सीनिअरने उत्तर दिलं नाही, तर त्याच्या वर कुणीतरी होतं. कंपनीचा सिक्युरिटीचा ईमेल असता, सीटीओ, म्हणजे तांत्रिक बाजूचा प्रमुख असता. तू एका पायरीवरून थेट रस्त्यावर उडी मारलीस.

आता ते उरलेले दोन बग. ते तुझ्याजवळ ठेवूनही चालणार नाही, कारण त्या बिलांमागची माणसं अजून तिथेच आहेत. कंपनीला एक ईमेल लिही. काय दिसलं, कुठे दिसलं, कधी दिसलं, एवढंच. रागाचं एक वाक्य नको. आणि बदल्यात काही मागू नकोस, पैसे नको, इंटर्नशिप परत नको, सर्टिफिकेटसुद्धा नको. 'मला परत घ्या, मग बग सांगतो' हे तुला सौदा वाटेल, पोलिसांना ती खंडणी वाटेल. तुझ्याकडे कुणा रहिवाशाची माहिती किंवा स्क्रीनशॉट उरले असतील, तर तेही त्याच ईमेलमध्ये सांग आणि ते पुसायची तयारी लिहून दे. पाठवण्याआधी एखाद्या वकिलाला आणि तुझ्या ओळखीतल्या एका विश्वासू प्राध्यापकांना दाखव. इंटर्नशिपच्या वेळी गोपनीयतेचा करार सही केला असशील, तो वकिलाकडे घेऊनच जा. कंपनीने उत्तरच दिलं नाही, तर पुढचा पत्ता सर्ट-इन. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखालची ही संस्था असे दोष कळवून घेते आणि कंपनीशी बोलते. लिंक्डइनच्या आधी ही वाट आहे, हे कॉलेजात कुणी शिकवत नाही. शिकवायला हवं.

घरचं. रोज साडेनऊला निघून लायब्ररीत बसणं आता थांबव. तू नोकरीला जातोयस हे खोटं रोज नव्याने बोलावं लागतं, आणि इंटर्नशिप जाण्यापेक्षा बाबांना तेच जास्त लागेल. फोनवर सांगू नकोस. शनिवारच्या एसटीने घरी जा, रात्री जेवणं झाल्यावर दोघांना एकत्र बसवून सांग. आईला आधी सांगून तिच्याकरवी बाबांपर्यंत पोहोचवायचा मार्ग घेऊ नकोस, त्यात तिची फार ओढाताण होते. बाबांना व्हल्नरेबिलिटी (सिस्टीममधली कच्ची जागा) आणि डिस्क्लोजर (ती उघड करणं) काही कळणार नाही असं तुला वाटत असेल, पण त्यांना हे तुझ्याइतकंच कळेल. ताग्यात दोष दिसला तर कामगार आधी मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरला सांगतो. जॉबरने लक्ष दिलं नाही तर मालकाला सांगतो. थेट व्यापाऱ्याच्या पेढीवर जाऊन तागा उलगडून दाखवत नाही, आणि दोष दिसत असताना गुपचूप घडीही घालत नाही. त्यांना एवढंच सांग, की मला दोष दिसला, मी जॉबरपर्यंत गेलो, मालकापर्यंत गेलो नाही. ते काही वेळ बोलणार नाहीत, कदाचित. पेढ्यांची आठवणही काढतील. काढू देत. शेडमध्ये काय सांगायचं हा त्यांचा प्रश्न आहे, आणि मुलाबद्दल चार लोकांत बोलायला त्यांना तुझ्या मदतीची गरज नाही.

कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसलाही तूच आधी सांग. कंपनीकडून त्यांना एक बाजू कळण्याआधी तुझ्याकडून सगळं कळू दे, तुझी चूक धरून. इंटर्नशिपला क्रेडिट असतील तर ते कसे भरून काढायचे हेही तेव्हाच विचार. रेझ्युमेवर ते तीन आठवडे लिहायचे की नाही हे तू ठरव, पण तीनाचे आठ करू नकोस. हल्ली कंपन्या मागचं सगळं तपासतात. मुलाखतीत कुणी विचारलंच, तर मी दोष शोधला, कळवला, मग घाईने जाहीर केला आणि त्याने लोकांची माहिती धोक्यात आली, एवढं सांग आणि थांब. त्या कंपनीबद्दल वाईट बोलू नकोस. तिथे समोर बसलेल्यांपैकी ज्याला सिक्युरिटीचं काम कळतं, तो त्या शेवटच्या अर्ध्या वाक्यावर तुझ्याकडे नीट बघेल.

निकोलस अलेग्रा या मुलाची गोष्ट तुला माहीत असेलच, 'कॉमेक्स' नावाने. आयफोनचं कुलूप नुसतं एक वेबपेज उघडून तोडणारं 'जेलब्रेकमी' त्याने बनवलं. २०११ च्या जुलैत त्याची तिसरी आवृत्ती आली तेव्हा ज्या भगदाडातून तो आत शिरला होता ते बुजवणारा पॅचही त्याने देऊ केला, अ‍ॅपलची दुरुस्ती यायच्या आधी. त्याच वर्षी अ‍ॅपलने त्याला इंटर्न म्हणून घेतलं, एकोणीस वर्षांचा होता तो. पुढच्या वर्षी ती जागा गेली. मुदत वाढवायच्या ईमेलला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं त्याने स्वतः सांगितलं, अर्थात तेवढंच एक कारण नव्हतं असंही म्हणाला. एवढं मोठं डोकं आणि एक उत्तर राहून गेलं. २०१३ मध्ये तो गूगलमध्ये इंटर्न म्हणून लागला. तो पॅच मात्र मी विसरू शकत नाही. कुणी मागितला नव्हता. स्वतः उघडलेल्या दारातून दुसरा कुणी चोर शिरू नये, एवढं त्याला त्या वयात सुचलं.

तुला हा नाद आहे, तर तो मोकळ्या जागेत कर. बग बाउंटी, म्हणजे दोष कळवणाऱ्याला बक्षीस देण्याची योजना, चालवणाऱ्या कंपन्या काय तपासायचं आणि काय नाही हे लिहून देतात. ते आधी शेवटपर्यंत वाच, कोडला हात नंतर लाव. पुण्यात 'नल' नावाच्या सिक्युरिटी कम्युनिटीच्या बैठका होतात, फुकट असतात. गोव्यात २०१० पासून होत आलेली 'नलकॉन' परिषद याच लोकांची. तिथे जा, पहिल्या काही वेळा नुसतं ऐक. तुझ्यासारखीच सवय असलेली, तुझ्याहून वयाने मोठी माणसं तुला तिथे भेटतील. 'मला असं सापडलंय, कुणाला सांगू?' हे पुढच्या वेळी विचारायला तुझ्याजवळ कुणीतरी असलं पाहिजे. या वेळी नव्हतं, म्हणून तू ते सगळ्या जगाला विचारलंस.

आधी इचलकरंजी. ईमेलचा मसुदा एसटीत लिहिलास तरी चालेल, पाठव मात्र परत आल्यावर, वकिलांना दाखवून.