इलेक्ट्रिक गाडीवाले आपापल्या कंपनीसाठी इतके का भांडतात, आणि गाडी घेताना ऐकायचं कोणाचं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ऐरोलीत राहता, पहिली इलेक्ट्रिक कार घ्यायची आहे, पण ज्याला विचारावं तो स्वतःच्या कंपनीचे गोडवे गातो आणि बाकीच्यांना नावं ठेवतो. एका गाडीवरून माणसं इतकी हमरीतुमरीवर का येतात आणि यातलं खरं कोणाचं धरायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे पुढचं त्या हिशेबाने वाचता येईल. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, कामाला महापे एमआयडीसीत जाते आणि टाटाची इलेक्ट्रिक गाडी नेक्सॉन ईव्ही चालवते. सोसायटीत चार्जिंग पॉइंट बसवायच्या कामात मी पहिल्यापासून होते, त्यामुळे जवळजवळ सगळ्या कंपन्यांच्या मालकांशी रोजचं बोलणं असतं.

माझं मत स्पष्ट आहे. हे लोक गाडीपेक्षा त्यात अडकलेल्या आपल्या पैशाची पाठराखण करत असतात, आणि त्यांची ती काळजी खोटी नाही. पेट्रोलची गाडी घेतली की वॉरंटी संपेपर्यंतच कंपनीशी संबंध. पुढे वागळे इस्टेटमधला ओळखीचा गॅरेजवाला सगळं बघतो, आणि पाच वर्षांनी तिचे किती येतील हे कोणीही डोळे झाकून सांगतो. इलेक्ट्रिकचं तसं नाही. बॅटरीची वॉरंटी बऱ्याच गाड्यांना आठ वर्षं किंवा 1,60,000 किमी, काहींना त्याहूनही जास्त. एवढा काळ कंपनी टिकायला हवी, तिने पार्ट पुरवायला हवेत, सॉफ्टवेअरचे अपडेट द्यायला हवेत. बाहेरचा मेकॅनिक बॅटरीला हात लावत नाही. जुन्या गाडीची किंमतही लोक त्या कंपनीबद्दल काय बोलतात यावर ठरते. त्यामुळे चारचौघांत कोणी कंपनीला बोल लावला की मालकाला तो थेट आपल्या खिशाला बसल्यासारखा वाटतो.

आमच्याच इमारतीत एक गृहस्थ आहेत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपल्या गाडीबद्दल एक वावगा शब्द खपवून घेत नाहीत. कोणी तक्रार टाकली की यांचं उत्तर पाच मिनिटांत हजर: "चालवायची पद्धत चुकत असेल." एका संध्याकाळी पार्किंगमध्ये मला थांबवून हळूच म्हणाले, "ताई, सर्व्हिस सेंटरला तुमच्या ओळखीचं कोणी आहे का? माझी गाडी तिथेच पडून आहे, पार्ट येत नाही म्हणतात." मी म्हटलं, "मग ग्रुपवर लिहा ना, आणखी कोणाला अडचण असेल तर सगळे मिळून कंपनीला मेल करू." त्यांनी मान हलवली. "नको हो. पुढच्या वर्षी विकायची आहे."

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या एका वाक्यात आहे. कौतुक चव्हाट्यावर आणि तक्रार लिफ्टमध्ये, असं बहुतेकांचं चालतं. तुम्ही नवीन, तुमच्या कानावर फक्त चव्हाट्यावरचंच पडतं.

यात माणसाचा स्वभावही आहेच. अमेरिकेत 1957 मध्ये मानसशास्त्रज्ञांनी नुकतीच नवी कार घेतलेल्यांचा अभ्यास केला होता. विचारात घेऊन सोडून दिलेल्या गाड्यांच्या जाहिरातींपेक्षा, जी गाडी घेतली तिच्याच जाहिराती लोक जास्त वाचत होते. पैसे भरून झाल्यावर! निर्णय बरोबर होता हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. वीस लाखांच्या कर्जावर घेतलेल्या गाडीला तर ते दुप्पट लागू.

आता या गाडीवाल्यांचे गट. टाटावाले इकडे संख्येने जास्त आणि अनुभवानेही जुने. नेक्सॉन ईव्ही जानेवारी 2020 मध्ये आली, बॅटरी 30.2 युनिटची (किलोवॉट-तास म्हणजे आपल्या लाइट बिलातलं युनिटच) आणि कागदावरची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, 312 किमी. त्या वेळी घोडबंदर रोडवरसुद्धा चालू चार्जर शोधत फिरावं लागायचं. कुठला पॉइंट चालू, कुठला बंद, कुठला वॉचमन चावी देतो, हे मालकच एकमेकांना सांगायचे. त्यातून आलेला अभिमान मनापासूनचा आहे आणि मला त्याचा आदर वाटतो. पण "आम्ही होतो म्हणून तुम्ही आलात" हे येताजाता ऐकवलं की नवा माणूस बिथरतो, आणि ते साहजिक आहे.

एमजीची झेडएस ईव्हीही जानेवारी 2020 मध्येच आली होती, पण गर्दी झाली ती विंडसरमुळे. सप्टेंबर 2024 मध्ये आलेल्या या गाडीत 38 युनिटची बॅटरी, मागे पाय पसरून बसायला जागा, आणि बॅटरीचे पैसे किलोमीटरमागे भरायची योजना, सुरुवातीला साडेतीन रुपये. घरातली वडीलधारी माणसं मागच्या सीटवर बसून खूश झाली की विषय संपला, असं एमजीवाले सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. महिंद्रावाले आले ते नोव्हेंबर 2024 च्या बीई 6 ई आणि एक्सईव्ही 9 ई या जोडीनंतर. इंडिगो विमान कंपनी '6 ई' या नावावरून कोर्टात गेली आणि पहिलीचं नाव नुसतं बीई 6 झालं. यांना ताकद आणि रूप यांचा अभिमान. क्रेटा इलेक्ट्रिकवाले या भांडणात फारसे पडत नाहीत. गाडीचं नाव आधीपासून घरोघरी माहीत, त्यामुळे तिची बाजू मांडायची वेळ त्यांच्यावर येत नाही.

टेस्लावरून मात्र इथे तावातावाने बोलतात ते बहुतेक टेस्ला नसलेले. जुलै 2025 मध्ये मुंबईत बीकेसीला शोरूम उघडलं, मॉडेल वायची किंमत 60 लाखांच्या घरात, आणि पहिली गाडी घेतली ती आमच्याच ओवळा-माजिवड्याचे आमदार आणि परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी. अमेरिकेत ही निष्ठा कुठवर गेली ते बघण्यासारखं आहे. मार्च 2016 मध्ये मॉडेल 3 प्रत्यक्ष न बघता लोकांनी रांगा लावून हजार-हजार डॉलर भरले होते. पुढे कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांचं राजकारण न पटल्याने त्यांच्यातल्याच काहींनी गाडीवर 'ही मी आधीच घेतली होती' अशा अर्थाचे स्टिकर लावले. कंपनीचं नाव एका माणसाशी इतकं जोडलं गेलं की गाडीवाल्याला त्याच्या बोलण्याचाही जाब द्यावा लागतो.

एका वादाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण त्यात माणसं फार दुखावतात. "तुमची गाडी चिनी." हा टोमणा एमजीवाल्यांना हमखास बसतो, कारण कंपनीत चीनच्या एसएआयसीचा मोठा वाटा आहे, जोडीला भारतातला जेएसडब्ल्यू समूह. पण बीई 6 च्या बॅटरीतले सेल चीनच्या बीवायडीचे आहेत, आणि टाटा ऑटोकॉम्पनेही बॅटरीसाठी चीनच्या गोशन कंपनीशी भागीदारी केली होती. कारखाने बघायचे तर नेक्सॉन रांजणगावलाही बनते, बीई 6 चाकणला, विंडसर गुजरातेत हलोलला. पुणे जिल्ह्यातल्या कामगारांच्या हातची गाडी घ्यायची हा तुमचा निकष असेल तर तो चांगलाच आहे, मलाही तो महत्त्वाचा वाटतो. पण मग तो कारखान्यापुरता ठेवा. सेलपर्यंत गेलात तर तिघांचीही वाट चीनला जाते.

दुसरा नेहमीचा तंटा चार्जिंगच्या वेगाचा आणि रेंजचा. पुण्याहून परतताना एका रविवारी संध्याकाळी एक्सप्रेस वेवर चार्जरपाशी रांग होती. एका यंत्राला दोन गन, म्हणजे गाडीत लावायचे प्लग. एक काका आधीपासून गाडी लावून उभे, स्क्रीनवर चार्जिंगचा वेग 50 च्या वर किलोवॉट. शेजारी दुसऱ्या कंपनीची गाडी आली, तरुणाने गन लावली आणि काकांचा आकडा झरकन निम्म्यावर आला. काका भडकले. "तुमची गाडी माझी वीज खेचते!" तो म्हणाला, "काका, तुमच्या कंपनीच्या गाड्या हळूच घेतात, माझा काय दोष?" दोघांच्या घरची माणसं गाडीतून उतरून बघायला लागली. खरं कारण यंत्रात होतं: दुसरी गन लागली की ते एकूण ताकद दोघांत वाटतं. तसं यंत्रावर लिहिलेलंही होतं, खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. मी ते दाखवलं तेव्हा दोघं शांत झाले, पण तोवर एकमेकांच्या कंपनीचा उद्धार करून झाला होता. अशा ठिकाणाहून घरी गेलेला माणूस काय सांगत असेल? "त्या कंपनीची गाडी घेऊ नका, चार्जिंग हळू होतं."

घाटाचं गणितही असंच. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची गाठायची असते. त्यासाठी मध्यम आकाराच्या गाडीला नुसत्या चढाचे तीन युनिट लागतात. 30 युनिटच्या बॅटरीतले ते दहा टक्के झाले. 79 युनिटच्या बॅटरीला, गाडी जड असूनही, पाच-सहा टक्केच. म्हणून एकाला घाट धडकी भरवतो आणि दुसऱ्याला कळतही नाही, आणि दोघंही खरंच सांगत असतात. उलट घोडबंदरच्या कोंडीत, जिथे पेट्रोलचा ॲव्हरेज कोसळतो, तिथे लहान बॅटरीची गाडीही सुखाने चालते, कारण ब्रेक मारताना थोडी वीज परत मिळते आणि वेग कमी असल्याने हवेचा अडथळा फारसा नसतो. ब्रोशरवरच्या आकड्याला तर कोणीच कवटाळू नये. 45 युनिटच्या बॅटरीच्या नेक्सॉनचा चाचणीतला आकडा 489 किमी आहे, आणि टाटा स्वतःच प्रत्यक्ष वापरात 350 च्या थोडं पुढे धरा म्हणते.

तेव्हा ऐकायचं कोणाचं? मालकांचंच, पण प्रश्न बदलून. "गाडी कशी आहे?" विचारलंत की कंपनीची वकिली सुरू होते. त्याऐवजी विचारा: शेवटचं काम सर्व्हिस सेंटरला कधी निघालं आणि गाडी किती दिवस आत होती? एक्सप्रेस वेला शंभरच्या वेगाने, एसी लावून, माणसं भरून किती टक्क्यांत किती किलोमीटर झाले? ॲप बंद पडतं का? हीच गाडी पुन्हा घ्याल का हेही विचारा, आणि त्या वेळी तोंडाच्या उत्तरापेक्षा चेहरा बघा. हे समोरासमोर, एकट्याला गाठून विचारायचं. चार्जरपाशी उभा असलेला माणूस मोकळाच असतो, तो भरभरून बोलतो. आणि जो स्वतःच्या गाडीची एक तरी खोट आपणहून सांगेल, त्याची स्तुतीही खरी धरा.

मला या भांडणाचं वाईट वाटतं ते वेगळ्याच कारणाने. आपल्या सगळ्यांच्या अडचणी एकच आहेत आणि त्यासाठी एकत्र यायला माणसं मिळत नाहीत. बंद पडलेला चार्जर कंपनी बघून बंद पडत नाही, फास्ट चार्जिंगची गन जवळजवळ सगळ्यांना तीच, सीसीएस 2 प्रकारची लागते. मार्च 2025 मध्ये 30 लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के कर लावायचं राज्याने ठरवलं होतं, पुढे ते मागे घेतलं. ऑगस्ट 2025 पासून इलेक्ट्रिक गाड्यांना अटल सेतूचा टोल माफ झाला. कर असो की टोल, तो इलेक्ट्रिक गाडीची हिरवी नंबरपाटी बघून ठरतो, बॉनेटवरचं चिन्ह बघून नाही. नॉर्वेत इलेक्ट्रिक गाडीवाल्यांची सगळ्या कंपन्यांची मिळून एकच मोठी संघटना आहे, आणि तिथे 2024 मध्ये विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी सुमारे 89 टक्के इलेक्ट्रिक होत्या. आमच्या सोसायटीतही वार्षिक सभेत पॉइंटचा ठराव पास झाला तो टाटा, एमजी आणि महिंद्रावाले एका रांगेत बसले म्हणून. त्याआधी एकेकटा अर्ज घेऊन गेला की "आग लागली तर?" या एका प्रश्नावर परत यायचा.

म्हणून तुमच्यासाठी क्रम सांगते. आधी सोसायटीला लेखी अर्ज द्या. घरच्या सध्याच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, हे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, त्याची प्रत जोडा. इलेक्ट्रिशियनकडून तुमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत केबलचं अंतर मोजून घ्या. महावितरणकडे मंजूर भार किती आहे ते बिलावर असतं. 7.2 किलोवॉटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) लावायचा तर तो वाढवून घ्यावा लागू शकतो. 15 अँपियरच्या साध्या पॉइंटवरही तासाला तीन युनिट मिळतात, म्हणजे ऐरोली ते ठाणे किंवा वाशी असं रोजचं जाणं-येणं रात्रीच्या दोन-तीन तासांत भरून निघतं. इमारतीत आधीच कोणाकडे हिरव्या पाटीची गाडी असेल तर कंपनी न बघता त्यांना सोबत घेऊन कमिटीकडे जा. लेखी होकार हातात आला की मग शोरूमला टोकन भरा.