वाचकांचे प्रश्न : मृतांची सेवा करणारे

प्रश्न : ज्यू समाजात मृतांची सेवा करणाऱ्या स्वयंसेवकांचे स्मरण कसे केले जाते?

उत्तर : या सेवेसाठी ‘हेव्रा कदिशा’ नावाची मंडळे असतात. त्यांचे सदस्य पार्थिवाला स्नान घालतात, धार मध्ये तुटू न देता पाणी ओततात, बिनखिशाची साधी पांढरी वस्त्रे चढवतात आणि काही उणे राहिले असल्यास मृताची क्षमा मागतात. स्त्रीची सेवा स्त्रियाच करतात. हे काम गाजावाजा न करता चालते, त्यामुळे सत्कार-फलकांची अपेक्षा (आपल्याकडची सवय!) येथे ठेवू नये. ज्यूंचा प्रेषित मोशे (मोझेस) याची पुण्यतिथी मानल्या जाणाऱ्या, ज्यू पंचांगातील अदार महिन्याच्या ७ तारखेला अनेक मंडळांचे सदस्य उपवास करून नंतर एकत्र भोजन करतात. १५६४ साली स्थापन झालेल्या प्रागच्या मंडळाने मात्र अठराव्या शतकात आपल्या कामाची चित्रमालिकाच रंगवून घेतली. ती तेथील ज्यू संग्रहालयाच्या संग्रहात आहे.